आकारामाच्या पायाला काय झालं हुतं

पाय दुखतोय म्हनलं की मानसं पायाकडं बगत न्हाईत, तोंडाकडं बगत्यात. ह्यो खरं बोलतोय का थापा मारतोय, ते आदी. जखम दिसली तर अरेरे म्हनत्यात. न्हाई दिसली तर हसत्यात. माज्या भावाच्या पायाला जखम न्हवती, हाच त्येचा गुन्हा. लय वरसं झाली आता, पर कुनी मला "राहीबाई, जाऊ द्या की" म्हनलं की माजं टाळकं फिरतं. का म्हनून जाऊ दिऊ? तुमी इचारलंय तर आता पुरतं ऐकून घ्या.

आकाराम माज्यापरीस दहा वरसांनी धाकटा. आई-बा दोगंबी पटकीत गेले तवा त्यो सा वरसाचा हुता, आन् मी कपाळ पांढरं करून नुकतीच माहेरी आल्याली. मीच त्येला वाडवला. आमचं गाव कृष्णाकाठचं, सांगलीपास्नं सात कोस. गुळाच्या गाड्या पेठंला निघाल्या की बाकीचे गाडीत बसायचे, ह्यो बैलाम्होरं चालायचा. सात कोस जानार, सात कोस येनार, आन् बैलांना पानी पाजून मंग भाकरीला बसनार. टाचंत बाभळीचा काटा मोडला तर स्वताच सुई घिऊन काडायचा. पाय दुखतो, ही तक्रार म्या त्येच्या तोंडनं कवा ऐकली न्हवती.

गावात नाथाजी हवालदार हुता. पयल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आल्याला, पेन्शन खाऊन मिशीला पीळ देनारा. त्येच्या अंजनाची आन् आकारामाची सुपारी फुटली, पर नाथाजीनं अट घातली. जावई पलटनीतला पायजे. नांगर धरनाऱ्याला मी पोरगी देत न्हाई म्हनाला. जसं काय त्येचा बा तलवारीनं ऊस तोडत हुता. आकारामाला अंजना आवडली हुती, त्यो बेचाळीसच्या शिमग्यात भरती झाला.

जन्माचा अनवानी पाय, त्यो नेऊन बुटात कोंबला. ट्रेनिंगचा तळ रेल्वेनं दीड दिवस लांब. पाठीवर वझं, हातात बंदूक, आन् दिवसाला दहा-दहा कोस चालवायचं. चालायचं म्हंजे ह्येच्या हातचा मळ, पर बुटात न्हवं. पाच-सा म्हैने बरे गेले. एक दिवस सपाट सडकंवर, दगड न्हाई, खड्डा न्हाई, चालता चालता उजव्या चवड्यात वरच्या अंगाला कट्कन कायतरी झालं. म्होरचं पाऊल टाकलं तर डोळ्याम्होरं काजवे चमकले. तरीबी त्यो तसाच तळापातूर चालत गेला.

दुसऱ्या दिवशी पलटनीच्या डागदरानं पाय हातात धरला, हिकडं वळवला, तिकडं वळवला. रगत न्हाई, काटा न्हाई, सूज म्हनावी तर म्हनन्यासारखी न्हाई. मंग लंगडतोस कशाला, असं म्हनून त्येला परत कवायतीला धाडला. आकारामानं उलटून तोंड उगाडलं न्हाई. दोन म्हैने त्या पायावर त्यो धावला. धावला, ऐकताय न्हवं?

दिवाळीला पंदरा दिसांची रजा मिळाली. गाडीतनं उतरून लंगडत आला तवा मला वाटलं दुसराच कोन तरी येतोय. मंग सगळं गाव डागदर झालं. एक म्हनाला आत काटा मोडलाय. दुसरा म्हनाला वात. तिसऱ्याचं म्हननं, तिकाटण्यावर कुनी उतारा टाकला आसंल, त्येच्यावर पाय पडला. पलीकडच्या आळीची सुलाबाई पायाळू, म्हंजे पायाकडनं जन्माला आल्याली. उसन भरली की लोक तिची लाथ खायाला जात्यात. तीबी येऊन ह्येच्या पायाला पाय लावून गेली. जखम मांडीला आन् मलम शेंडीला, असला सगळा कारभार. नाथाजी तेवडा पारावर बसून हसत हुता. पाय नव्हं, मन दुखतंय त्येचं, घराची आठवन येती पोराला, म्हनाला.

ते ऐकून माज्या डोक्यात राख गेली. म्हनलं, रजा संपायच्या आत ह्येचा पाय बरा करून दावते. आन् बिब्बा काडला.

आमच्यात दुखण्यावर बिब्बा ही शेवटची दवा. सुईवर टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की दुखत्या जागी टिपके द्यायचे. माज्या आजीनं दिले, आईनं दिले, मी स्वताच्या टाचांवर दिल्यात. आकाराम म्हनाला, "आक्का, ऱ्हाऊ दे." म्या त्येला गप बस म्हनलं. सात टिपके दिले, आन् नाथाजीच्या हसण्याचा राग त्या सातात उतरला आसंल, तेल जरा जास्तच वघळलं. तिसऱ्या दिवशी बिब्बा उतला. टिपके न्हाई, सगळा चवडा काळा पडला, वर हे एवडे फोड. पायात बूट जाईना. शेजारचा आदगोंडा, आमचा जैन भाऊबंदच म्हना, शेताला शेत लागून, त्यो म्हनाला आठ दिस ऱ्हा, तार करू. आकाराम म्हनाला रजा संपली म्हंजे संपली. बुटाचा जोड गळ्यात आडकवून, पायाला फडकं बांदून त्यो गाडीला गेला. सांगा, पळपुटा मानूस असा जातो व्हय?

तितं डागदरानं फडकं सोडलं आन् एका नजरंत बिब्बा वळखला. आदी खरं दुखणं दावलं तर त्येला दिसलं न्हाई, बिब्बा मातर लगीच दिसला. काम टाळायला काई लोक मुद्दाम बिब्बा लावून घेत्यात म्हनं, त्येच्या पुस्तकात लिवल्यालं. आकारामानं सांगितलं, साहेब, माज्या बहिनीनं दवा म्हनून लावलाय, घरी इचारा. त्यांनी खरंच इचारायला कागद धाडला.

आता त्या सालाचं सांगते, म्हंजे तुमाला कळंल. भादव्यापास्नं आमच्याकडं रान पेटल्यालं. तारा तुटत हुत्या, पोलीस गावोगाव पोरं हुडकत हुते. उसात कोन दडलंय ते सगळ्या गावाला ठावं, भाकरी कोन पोचवतं तेबी ठावं. आन् फौजदारानं इचारलं तर शेंबड्या पोरापास्नं म्हाताऱ्यापातूर एकच उत्तर. न्हाई. बगितलं न्हाई, ऐकलं न्हाई, केलं न्हाई. मीबी उसात भाकरी दिल्यात. तीन डाव फौजदार दारात आला, तीन डाव न्हाई म्हनून म्या त्येला परत लावला. त्येचा मला गर्व हुता.

चौथ्या डावाला त्यो आला तवा संगं नाथाजी हुता, आन् हातात कागद. मी शेणानं भित लिपत हुते. फौजदारानं उंबऱ्याभाईरनंच इचारलं, तुज्या घरात कुनाला बिब्बा लावलाय का? कशाचा कागद, कुनी धाडला, कायबी सांगितलं न्हाई. मला वाटलं कुना जखमी पोराला म्या दवा केली म्हनून धरायला आलाय. खाकी दिसली आन् माजं तोंड आपोआप चाललं.

"न्हाई," म्हनलं. "आमच्या घरात बिब्बाच न्हाई."

फौजदारानं लिवून घेतलं, माजा आंगठा उठवला. नाथाजी तितंच उबा हुता. आकारामाचा बिब्ब्यानं उतल्याला पाय त्येनंबी बगितला नसंल व्हय? पर त्यो गप ऱ्हायला. सरकारच्या कागदाम्होरं त्येची मिशीबी खाली.

आकारामाला अट्ठावीस दिस कोठडीत घातला आन् मंग नाव काटून घरी हाकलला. चोर सोडून संन्याशाला सुळी. त्यो आला तवा फोड वाळले हुते. चवड्यावर काळा डाग, आन् डागाखाली हाताला लागंल असं टेंगूळ. ओसरीवर बसला, पानी प्याला. कोठडीत टाकताना त्येला माजं उत्तर वाचून दावलं हुतं, हे मला आदगोंडाकडनं कळलं. आकारामानं मला कवाच इचारलं न्हाई, आक्का, न्हाई का म्हनालीस. मी वाट बगितली. आज शिव्या दील, उद्या दील. दिल्या न्हाईत. दिल्या असत्या तर मी मोकळी झाले असते.

नाथाजीनं सुपारी मोडली. अंजना आटपाडीकडं दिली, कुना शिपायालाच. गावानं ह्येचं नाव बिब्ब्या पाडलं. नांगराला गेला तरी बिब्ब्या, कीर्तनाला बसला तरी बिब्ब्या. पोरं लंगडून दावायची. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हन्त्यात. माजं जळत हुतं, आन् माज्यानं कुनाला सांगवत न्हवतं.

चार वरसांनी आदगोंडाची आई, चंदनबाला, पडली. खुब्याचं हाड तपासायला तिला मिरजंला न्यायचं ठरलं. आदगोंडानं आकारामाला आन् मला बळंच गाडीत घातलं. तितं हाडाचा फोटो काडायचं मशीन हुतं. डागदर भला मानूस. अचानक पाय दुखायची कारनं लय असत्यात म्हनाला. रगतात दोष साठला तर अंगठा सुजतो, कवा टाचंचं हाड वाडतं, कवा शीर दबती, कवा आत काट्याची कूस ऱ्हाती. मंग आकारामाच्या पायाचा फोटो उजेडावर धरून त्येनं मला बोट लावून दावलं. चवड्यातलं एक बारीक हाड मोडून आपसूक जुळल्यालं, त्येचीच ती गाठ. म्हनाला, पडून न्हाई, मार लागून न्हाई, वझं घिऊन लांब लांब चालल्यानं मोडतं, शिपायांचं लय मोडतं. सुरवातीला वरनं कायबी दिसत न्हाई. म्हैनाभर पाय उचलून बसला असता तर बरा झाला असता.

म्या इचारलं, बिब्ब्यानं मोडलं का? त्यो म्हनाला, न्हाई बाई, बिब्ब्यानं कातडं जळलं, हाड आदीच मोडल्यालं.

मी त्यो फोटो मागून घेतला. सबंध वाटंनं मांडीवर धरून बसले. आकाराम म्हनाला आक्का, पेटीत ठिव. मी कशाची ठिवती! गावात शिरले ती नीट मारुतीच्या पारावर. नाथाजी चार मानसं घिऊन बसला हुता. चार वरसांचं सगळं भाईर आलं. म्हनलं, हवालदार, डोळं हाईत न्हवं, ह्ये बगा. मोडक्या हाडावर दोन म्हैने धावला माजा भाऊ, तुमी बसऱ्याला धावला हुता का? ह्येला तुमी बिब्ब्या म्हनता? नाक घासा आता हितं.

नाथाजीनं फोटो सूर्याकडं धरला. लय येळ बगितला. मंग हळूच म्हनाला, "हाड मोडल्यालं दिसतंय, कबूल. पर राही, फौजदाराला तू काय सांगितलंस? मी तितंच उबा हुतो."

 माज्या जिभंवर आलं हुतं, देवाशप्पत आलं हुतं, की मी खोटं बोलले, बिब्बा माजा. तेवड्यात माज्या मागनं आकाराम म्होरं झाला.

"तिला मीच पढवून ठिवलं हुतं," म्हनाला. "बिब्बा माजा म्या लावून घेतला. कुनी आलं तर न्हाई म्हन, असं सांगून गेल्तो."

"तरीच," नाथाजी म्हनाला, आन् फोटो माज्या हातात दिला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांना पटलं.

घरी आलो. दारात त्येचा दंड धरला आन् इचारलं, का रं असं केलंस? त्यो म्हनाला, माजं नाव गेलंच हाय आक्का, सख्ख्या भावाला बुडवला म्हनून तुज्या तोंडावर गाव थुकलं असतं. आन् त्यो बैलं सोडायला गेला.

मला त्येचा राग हाय. आजबी हाय. उभ्या जन्मात माजा भाऊ एकदाच खोटं बोलला, आन् गावानं तेवडं एकच लगीच खरं धरलं. दुसऱ्या दिवशी मी परत पारावर गेले. वरडून सांगितलं, बिब्बा म्या लावला, त्यो नको म्हनत असताना लावला, आन् फौजदाराला खोटं म्याच सांगितलं. लोक म्हनाले, बहिनीची माया, दुसरं काय. घरोघरी जाऊन सांगितलं. आकाराम गेला, त्येच्या तेराव्याला पंगत बसली तवाबी सांगितलं. कुनी ताटावरनं मान वर केली न्हाई.

फोटो ह्यो हितं हाय. उजेडाला धरा की. धरा. मगाधरनं तुमीबी माज्या तोंडाकडंच बगताय.