जांभळं कार्ड आणि दोन नवरे

आर्डिथ लिंडक्विस्टची आणि माझी ओळख झाली ती तिच्या आवाजामुळे. आमच्या बिल्डिंगच्या पोहायच्या तलावात ती रोज सकाळी छातीभर पाण्यात उभी राहून व्यायाम करायची आणि करता करता फ्लोरिडातल्या आमच्या अर्ध्या डॅनिया बीचला सल्ले द्यायची. कुणी गुडघ्याला काय लावावं, कुणी सुनेला काय ऐकवावं, आणि मुख्य म्हणजे कुणी कोणत्या बोटीवर जावं. सगळा जन्म उत्तरेकडच्या थंड डुलूथला बायकांचे केस कापण्यात गेलेला. खुर्चीत बसवून माणसाला गप्प करायची सवय तिला तेव्हापासूनची. मी पहिल्याच दिवशी तिला म्हटलं, "बाई, मी सल्ला विचारला नव्हता." ती म्हणाली, "म्हणूनच फुकट दिला." तेव्हापासून आमची गट्टी जमली.

आमच्या भागात म्हातारी माणसं देवळात जावीत तशी सहलीच्या मोठ्या बोटींवर जातात. बंदर पंधरा मिनिटांवर. घर झाकून ठेवायचं, कुंड्या शेजारणीवर सोपवायच्या आणि निघायचं. मग जितके फेरे जास्त, तितका गळ्यातल्या कार्डाचा रंग वरचा. आर्डिथ जिच्या बोटींवर जायची त्या हेरॉन कंपनीत निळं सगळ्यात खालचं, मग हिरवं, मग सोनेरी आणि सगळ्यांच्या डोक्यावर जांभळं. माझं हिरवं. म्हणजे बोटीवर मला लोक ओळखत नाहीत, पण हाकलतही नाहीत. आर्डिथचं जांभळं. ती जेवणघरात शिरली की वाढपी कणा ताठ करतात.

ते जांभळं तिने आणि ऑरिनने मिळून कमावलं होतं. ऑरिन तिचा नवरा, डुलूथच्या धक्क्यावर क्रेन चालवायचा. मी त्याला शेवटची दोन वर्षंच पाहिलं. बोलणं मोजकं, खाणं मनापासून, आणि बायकोच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवणं हा त्याचा छंद. सगळ्या सुट्ट्या, सगळे हिवाळे त्या दोघांनी हेरॉनच्या बोटींवर घालवले. कंपनीच्या दप्तरी एका घराचं एकच खातं असतं आणि त्यावर दोन नावं. जांभळ्या कार्डवाल्यांच्या खोलीच्या दारावर पितळी पाटी लावतात, त्यावर ती दोन नावं कोरलेली असतात. ऑरिन गेला तरी आर्डिथने कंपनीला काही कळवलं नाही. ती एकटी जायची आणि दारावर पाटी असायची, 'ऑरिन आणि आर्डिथ'. मी एकदा विचारलं, "अगं, सहा वर्षं झाली, बदलून का घेत नाहीस?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे कॉफीच प्याले.

मग आमच्या मजल्यावर कार्माइन टेडेस्को राहायला आला. ब्रुकलिनमध्ये बस चालवून निवृत्त झालेला, घटस्फोटाला जमाना झालेला, पोट पुढे आणि त्याच्याही पुढे तोंड. आणि हा गडी हेरॉनच्या वैरी पेलिकन कंपनीचा! तिथला सगळ्यात वरचा मान याच्याकडे. सोन्याच्या मुलाम्याचा पक्षी कॉलरला लावून फिरायचा. तलावावर पोहायच्या चड्डीला कॉलर नसते म्हणून टोपीला लावायचा.

"तुमच्या हेरॉनवर माणूस नाश्त्याला मेला तर रात्रीच्या जेवणापर्यंत कुणाला पत्ता लागत नाही," तो पहिल्याच आठवड्यात आर्डिथला म्हणाला. "सगळेच तसे बसलेले असतात."

"आणि तुमच्या पेलिकनवर मरायचं म्हटलं तरी जमत नाही," आर्डिथ म्हणाली. "त्या बँडच्या दणक्याने मेलेला उठून बसतो."

सगळा तलाव हसला. मी मात्र त्याच दिवशी ओळखलं की प्रकरण तापणार. भांडायला म्हणून तो तिच्या दारात यायला लागला, भांडता भांडता जेवायला थांबायला लागला आणि वर्षभरात स्वतःचा फ्लॅट भाड्याने देऊन तिच्याकडे राहायलाही आला. लग्नाचं ठरलं. लग्न बोटीवर, कप्तानाच्या हातून. कोणत्या बोटीवर, यावर महाभारत होणार म्हणून मी खुर्ची ओढून बसले होते, तर कार्माइन चक्क म्हणाला, "हेरॉनवर. तुझ्या."

मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

आमच्या लोकांत एक रीत आहे, तिला आम्ही मॅच म्हणतो. एका कंपनीत वरचा मान मिळवलात की तो दुसऱ्या कंपनीला दाखवायचा. ती म्हणते, या या, आमच्याकडेही तुम्हाला तोच रंग. सरळ सरळ दुसऱ्याचं गिऱ्हाईक पळवायचा धंदा. पण हे जन्मात एकदाच मिळतं, म्हणून लोक ती संधी म्हातारपणाच्या दागिन्यासारखी जपून ठेवतात. कार्माइनने आपली ती एकुलती एक मॅच हेरॉनवर खर्च केली. गुपचूप, फोनवरून. आर्डिथला लग्नाची भेट म्हणून. तो झटक्यात जांभळा झाला.

इथवर ठीक होतं. पण फोनवरच्या मुलीने विचारलं, तुमचा पत्ता आणि मिसेस लिंडक्विस्ट यांचा पत्ता एकच दिसतोय, खातं जोडून देऊ का? आमच्याकडे कुठलंही जोडपं 'हो'च म्हणतं, तसा हाही म्हणाला. मग तिने विचारलं, त्यांच्या खात्यावर आधीचा जोडीदार आहे, तो काढू का? आणि हा बैल म्हणाला, "काढा की."

हे सगळं आम्हाला कळलं ते बोटीवर चढल्यावर. मी करवली, माझी खोली शेजारचीच. आर्डिथ लांब पॅसेजमधून आपल्या दाराशी आली आणि थांबली. दारावर नवी कोरी पाटी. 'कार्माइन आणि आर्डिथ'.

कार्माइन मागे हात बांधून उभा होता, वाढदिवसाच्या मुलासारखा. "आवडली?"

"ऑरिन कुठे आहे?" आर्डिथ म्हणाली.

एवढ्या खालच्या आवाजात मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. कार्माइनच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. त्याने मॅचची सगळी हकिगत सांगितली, हातवारे करत, मध्ये मध्ये हसायचा प्रयत्न करत. ती ऐकून घेऊन म्हणाली, "ऑरिनचं नाव परत येईल तेव्हा लग्न. नाही आलं तर मी याच बोटीने सडी घरी जाईन आणि तू तुझा भाडेकरू बाहेर काढ." आणि तिने दार लावून घेतलं. कार्माइन पॅसेजमध्ये, मी पॅसेजमध्ये, आणि त्याची बॅग आत.

बोटीवर जुन्या गिऱ्हाइकांसाठी एक टेबल असतं, तिथे रोवेना नावाची फिलिपिन्सची मुलगी बसते. आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. तिने आमचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"नाव परत लावता येईल सर," ती म्हणाली. "पण मग तुम्हाला त्या खात्यातून बाहेर पडावं लागेल. आणि तुमची मॅच त्याच खात्यावर बसली आहे. ती मोडेल."

"मोडेल म्हणजे? दुसरीकडे बसवा ना."

"एकदाच मिळते सर. तुम्हाला निळ्यापासून सुरुवात करावी लागेल."

"निळ्यापासून?" कार्माइन इतक्या मोठ्याने ओरडला की शेजारी पत्ते खेळणाऱ्यांनी पत्ते खाली ठेवले. "अगं पोरी, मी वीस वर्षांत रांगेत उभा राहिलो नाहीये!"

तो तिथून तरातरा वरच्या डेकवर गेला. मी मागोमाग. मला त्याचा राग आला होता आणि मी तो लपवणारी नव्हे.

"काय मोठं मागितलं तिने? मेलेल्या माणसाचं नाव. त्याने तुझं काय घोडं मारलंय?"

"तुला काय कळणार बर्नीस," तो कठड्याला धरून म्हणाला. "या बोटीवर प्रत्येक वाढप्याला ऑरिन माहीत आहे. ऑरिनला मासे कसे लागायचे, ऑरिन कुठे बसायचा. मी कोण? मागून आलेला. तिच्या पदराला धरून फुकट जांभळा झालेला. मला ते नको होतं. मी माझं स्वतःचं कमावून आणलं. पेलिकनवर कमावलं, पण मीच कमावलं ना? मला वाटलं, आता दारावर माझं नाव लागलं तर ते माझ्या हक्काने लागेल." मग म्हणाला, "त्याच्या बरोबरीने उभं राहायचं होतं मला. त्याला ढकलायचं नव्हतं. ते त्या फोनवर... मी विचारच केला नाही."

माझा राग तिथल्या तिथे ओसरला. पासष्टी उलटलेला माणूस एका मेलेल्या क्रेनवाल्यापुढे स्वतःला लहान समजत होता, हे मला आधी दिसायला हवं होतं. पण मी समजूत घालण्यात कच्ची. मी म्हटलं, "मग आता विचार कर. लग्न उद्या दुपारी आहे. आणि अंगावरचा शर्ट बदल, बॅग मिळाली नाही तर दुकानातून घे."

रात्री तो कुठे झोपला ते मी विचारलं नाही. सकाळी आर्डिथच्या केसांना मी रोलर लावून दिले. लग्न होईल की नाही हे दोघींनाही ठाऊक नव्हतं, पण केस काही सोडून चालत नाहीत. ती आरशात बघत म्हणाली, "मी हट्ट करतेय का गं?"

"करतेयस."

"बरोबर करतेय ना?"

"तेही करतेयस."

"मला हा माणूस हवाय बर्नीस," ती म्हणाली. "मनापासून हवाय. पण ऑरिनला खोडून नको."

दुपारी आम्ही छोट्या हॉलमध्ये गेलो. कप्तान पांढऱ्या कपड्यांत उभा. खुर्च्यांवर तलावावरची चार डोकी. कार्माइन दुकानातून घेतलेल्या कोटात, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. आणि त्या कोटावर, जिथे फूल लावायचं तिथे, निळं कार्ड लटकत होतं. कोरं, चकचकीत निळं. असं कार्ड गळ्यात घालून आमच्याकडे कुणी कचरा टाकायलाही बाहेर पडत नाही.

आर्डिथने कार्डाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं.

"तुझी मॅच गेली?"

"गेली."

"आता कधीच मिळणार नाही?"

"कधीच नाही. पाटी लावायला माणूस गेलाय. जुनीच लावताहेत." तो घसा खाकरून म्हणाला, "मी तुझ्या घरात राहीन, तुझ्या टेबलावर जेवीन. पण त्या दारावर त्याचाच हक्क आहे. मी पाहुणा म्हणून आत येईन, चालेल?"

"चालेल," आर्डिथ म्हणाली, आणि कप्तानाने काही विचारायच्या आतच तिने कार्माइनचा हात धरला. कप्तान बिचारा हातातला कागद घेऊन तसाच थांबला. मी रडले. तलावावरचे चौघे मला आजही त्यावरून चिडवतात. चिडवू देत.

या हिवाळ्यात आम्ही पुन्हा निघालो. बंदरावर जांभळ्यांची रांग तीन माणसांची, आणि निळ्यांची रांग पार मोटारी लावतात तिथपर्यंत. जांभळ्या कार्डवाला सोबत एका माणसाला नेऊ शकतो. आर्डिथने कार्माइनला बोलावलंही. तो म्हणाला, "तू हो पुढे," आणि टोपी सरळ करून उन्हात मागे जाऊन उभा राहिला. मी माझी हिरव्यांची रांग सोडून त्याला सोबत द्यायला गेले, उगाच. त्याच्या मागे ओहायोचा कुणी नवखा होता. त्याने विचारलं, "बायको पुढच्या रांगेत आणि तुम्ही इथे? भांडलात की काय?"

"छे हो," कार्माइन म्हणाला. "ती तिच्या नवऱ्याबरोबर गेलीय. मी दुसरा. माझा नंबर येईल."

नंबर यायला दुपार झाली. आम्ही वर पोचलो तेव्हा जेवणघर जवळजवळ रिकामं झालं होतं. आर्डिथ खिडकीजवळ बसली होती, दोन ताटं समोर झाकून ठेवलेली, आणि वाढप्याला बजावत होती की माझा माणूस येईपर्यंत इथलं काही उचलायचं नाही.