महानंदाची न फुंकलेली वात

महानंदा मूळची निलंग्याची. लातूरला आमच्या गल्लीत तिला वीस वर्षं झाली. त्यातली अठरा तिने लोकांच्या घरी पोळ्या लाटण्यात घालवली, माझ्याकडेही. गेल्या वर्षी तिची मनगटं इतकी सुजली की डॉक्टरांनी लाटणं हातात धरायचंच नाही म्हणून सांगितलं. घरात ती एकटी, बसवून कोण खाऊ घालणार? बचत गटात दहा दिवस शिकून ती काचेच्या बरणीत मेणबत्त्या करायला लागली. खोटं कशाला बोलू, मला रागच आला होता. तिच्यासारखी पोळी उभ्या लातुरात कोणाला जमत नाही, आणि ही बया मेण वितळवत बसली!

"सोयाबीनचं मेण हाय, बाई," ती मला सांगायची. मी शाळेतून निवृत्त झाले तरी तिच्यासाठी बाईच. "सोयाबीन आपल्या रानात, अन् मेण मातर लांबून मागवावं लागतंय."

आधी तिने देवघरातल्यासारखी हाताने वळलेली वात घातली. बरणी काळीकुट्ट. मग विणलेल्या वाती आणल्या, बारीक ते जाड नंबरवार. नुसतं सोयाचं मेण आपल्या उन्हाळ्यात मऊ पडतं म्हणून त्यात मधमाशीचं मेण मिसळलं. ओतलेली बरणी आठ दिवस लोणच्यासारखी मुरू द्यायची, मगच पेटवायची. बारीक वात मधोमध विहीर खणायची, जाड वात काच तापवायची. पहाटे पाचला लावलेली मेणबत्ती दिवेलागणीला मेण संपेपर्यंत ती समोर बसून बघायची. एप्रिलातसुद्धा पंखा बंद. सात महिन्यांत अशा चाळीस बरण्या झाल्या, सगळं वहीत लिहिलं, आणि चार नंबरची वात पक्की ठरली.

गंजगोलाईजवळ भेटवस्तूंचं दुकान चालवणाऱ्या अर्शीने सहा बरण्या बघायला नेल्या. पसंत पडल्या तर ती दर महिन्याला घेणार होती.

"हे जमलं न्हाई तर पुन्हा लाटणंच हाय माझ्या नशिबी," महानंदा म्हणाली. माझ्या मनात मात्र पोळ्याच आल्या.

पाचव्या दिवशी अर्शी बरण्या घेऊन महानंदाकडे परत आली. "खाला, पहिल्या दिवशी मस्त जळली. दुसऱ्या दिवशी लावली तं मेणात बुडून गेली. दोन लावल्या, दोन्ही तशाच. दिवाळीच्या आत नीट करून द्या, न्हाई तर मला दुसरीकडून घ्यावं लागंल."

महानंदा त्या बरण्या घेऊन तशीच माझ्याकडे आली, डोळ्यांत पाणी. "चाळीस बघितल्या, बाई. एक बी बुडाली न्हाई."

मी एक बरणी पेटवली. तासाभराने म्हटलं, आता दुसऱ्यांदा लावून बघू, आणि फुंकर मारली. ती ताडकन उठली.

"तोंडानं फुंकलं? जळती वात कुणी फुंकतंय का, बाई? तिची ती निवू द्यायची!"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. चाळीस बरण्या, आणि एकही दुसऱ्यांदा पेटवलेली नाही.

"अगं, घेणारी माणसं तासभर लावतात, विझवतात, उद्या पुन्हा लावतात," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून नव्याने सुरुवात. पण फुंकर मारायला ती काही केल्या तयार होईना. मग वयाच्या पासष्टाव्या वर्षी मला ही नोकरी लागली. रोज दोनदा जायचं आणि फुंकून यायचं. त्या कोंदट खोलीत घाम पुसत बसले असताना तिची मनगटं मी पहिल्यांदा नीट पाहिली. अठरा वर्षं तिच्या हातच्या पोळ्या खाल्ल्या, मनगटांकडे कधी लक्ष गेलं नाही. लाज वाटली मला.

वात पाच नंबरची, थोडी जाड केली, मधमाशीचं मेण कमी केलं. आता दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदाही ज्योत टिकू लागली. तेवढ्यात मला चार दिवस लेकीकडे नांदेडला जावं लागलं. परत आले तर महानंदा हसत दारात उभी.

"तुम्ही न्हाईत, मग काय करू? पोळ्यांच्या डब्याचं झाकण ठिवलं वर. आपोआप निवली, बाई. फुंकावं लागलं न्हाई."

दिवाळीच्या आधी नव्या बरण्या झाकणासकट गेल्या. अर्शीने तीन दिवस लावून-विझवून पाहिल्या आणि मग दुकानात मांडल्या. प्रत्येक झाकणावर महानंदाच्या अक्षरात चिठ्ठी असते : 'फुंकू नका, झाकण ठेवा.'

माझ्या पोळ्या आता मीच लाटते. त्यांचे नकाशे होतात, आणि त्याची तक्रार नाही. वाईट एवढंच वाटतं की फुंकर मारायला मला आता कोणी बोलावत नाही.