बुजवलेल्या बोडीवरचं घर

लग्न होऊन मी चिमूरकडच्या गावी आले, तेव्हा सासरच्या घरात माणसंच माणसं. आम्हा दोघांना निजायला कोपरा मिळायचा तो जावेच्या चुलीपाशी. म्हणून सासऱ्यांनी गावालगतची जुनी बोडी, म्हणजे धानाला पाणी द्यायचं लहानसं तळं, मुरूम टाकून बुजवली. तिथे आमचं घर व्हायचं होतं.

सासऱ्यांना दगडाच्या जाड भिंती हव्या होत्या.

मी म्हटलं, "मामाजी, खालचा गाळ अजून ओलाच असन. भिंत खचन."

"काऊन खचन? पाय मारून पाह्य, कसा टणक हाय!"

मला पटवायला त्यांनी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार घेतली. पहिला घाव खणकन वाजला. दुसऱ्याला सब्बल सरसर आत गेली आणि तिच्यामागे तेही मुरमावर बसले. आम्ही धावलो, तर ते स्वतःच हसत होते.

"बोडीनं सब्बल गिळली ना बे!"

मग आम्ही सगळी जागा टोचून पाहिली. बोडीच्या जुन्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या बाजूला जमीन घट्ट होती, मध्ये नुसता लोण्यासारखा गाळ. गाळ संपेपर्यंत खोदू म्हटलं, तर खड्डा पाण्यानं भरला. यजमान म्हणाले, "दोनचार वर्षं मुरूम बसू दे." चुलीपाशी आणखी दोनचार वर्षं? मी साफ नाही म्हटलं.

शेवटी स्वयंपाकघर पाळीवर, दगडी पायव्याचं केलं. भरावावरच्या खोलीला सागाचे खांब आणि मातीनं लिंपलेले बांबूचे हलके कूड. प्रत्येक खांबाखाली रुंद फरशी ठेवली, म्हणजे खांब खचला तर उचलून खाली आणखी एक सरकवता येईल.

"हे घर होय का लग्नाचा मांडव?" सासरे फुगून बसले.

पावसाळा संपता संपता एक कोपरा चार बोटं खाली गेला. दार लागेना. सासरे आले, शेजाऱ्यांना हाका मारल्या, ओंडक्याची तरफ लावून खांब उचलला आणि स्वतःच्या हातानं फरशी सरकवली. माझा चहा उकळेपर्यंत दार लागलंसुद्धा!

तेव्हापासून पाहुणा आला की ते त्याला खांब दाखवायला न्यायचे. "दगडाची भिंत अशी उचलता येते काय? म्हणून मी पयलेच म्हटलं, खांबच पायजे." मी पदर तोंडाला लावून आत जायची.

पुढे जमीन बसली, खांब हलेनासे झाले. तरी दिवाळीआधी ते फरशी घेऊन यायचे, दार उघडून लावून पाहायचे आणि ते नीट लागलं की थोडे हिरमुसायचे.