सातशे ऐंशी यार्डांवरून

माझा मेहुणा यतीन सोवनी याच्याइतका सरळ माणूस मी पाहिला नाही, आणि सरळ माणसांचा मला आयुष्यभर वैताग आलेला आहे. मालिनीने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, त्याच्याशी लग्न ठरवलं तेव्हाच मी तिला म्हणालो होतो, "अगं, हा माणूस रिकाम्या रस्त्यावरसुद्धा स्टॉप साइनला उभा राहून तीन सेकंद मोजतो." अजूनही मोजतो. मागची गाडी हॉर्न मारत असली तरी मोजतो.

मी नंदू. डेन्व्हरमध्ये चौतीस वर्षं सर्जन होतो. आता रिटायर्ड. दोन्ही गुडघे कामातून गेलेत, तोंड तेवढं शाबूत आहे. यतीनबद्दल लिहायचं तर मला स्वतःबद्दलही लिहावं लागणार आहे, आणि ते काही फार शोभिवंत नाही.

यतीन वाढला वरणगावला. त्याचे वडील तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत काडतुसांच्या तपासणीवर होते. नवा लॉट निघाला की त्यातली पहिली गोळी अप्पा स्वतः झाडायचे. हे काम हाताखालच्या माणसाचं, पण अप्पांचा हट्ट. दुसऱ्याच्या हातात द्यायचं ते आधी आपल्या हातात घेऊन बघायचं, एवढंच ते म्हणायचे. यतीनने बापाकडून नाक घेतलं, टक्कल घेतलं आणि हे खूळ घेतलं.

सनीव्हेलला एका चिप कंपनीत त्याने बावीस वर्षं काढली. चोपन्नाव्या वर्षी लेऑफ. सहा महिने घरात बसून त्याने मालिनीचे मसाल्याचे डबे तीनदा वेगवेगळ्या क्रमाने लावले. चौथ्यांदा लावायला घेतले तेव्हा ती रडकुंडीला आली. मग एका लहानशा कंपनीत नोकरी लागली. ती कंपनी रायफलवर बसवायची दुर्बीण बनवत होती, साधी नव्हे, गणित करणारी. जनावर किती लांब, वारा किती, चढ किती, थंडी किती, सगळं मोजून ती सांगणार की नेम किती वर धरायचा. जोडीला फोनवर ॲप, त्यात प्रत्येक शॉटची नोंद. त्यामागचं गणित यतीनचं.

"कुणासाठी रे हे?" मी विचारलं.

"हंटर्ससाठी. एल्क, हरीण, अस्वल. हजार यार्डांपर्यंत जाता येईल."

हजार यार्ड म्हणजे इथली दहा फुटबॉलची मैदानं टोकाला टोक लावून. मी म्हणालो, "तू तिथे आहेस हे त्या जनावराला कळणारसुद्धा नाही. वास नाही, चाहूल नाही. याला शिकार म्हणायचं? डोंबल!"

तो चिडला नाही. चिडतच नाही तो, हाच तर त्रास आहे. "दादा, शंभर यार्डांवरून थरथरत्या हाताने मारणारे काय कमी आहेत? त्यापेक्षा लांबून, शांतपणे, एकच गोळी. त्याला कळायच्या आत संपलं पाहिजे. गणित नीट असेल तर ते जास्त दयेचं आहे." आणि मग, मी न विचारताच, "पण एक जरी जनावर माझ्या गणिताने जखमी होऊन निसटलं ना, तर चारशेच्या पुढचा आकडा मी काढून टाकीन. शब्द देतो."

शब्द कुणाला दिला? मला. आणि मी विसरण्यातला नाही.

पहिली गोळी अर्थात त्यानेच झाडायची होती. अंड्याचं भांडंसुद्धा वेगळं ठेवणाऱ्या मालिनीच्या घरात हा गृहस्थ हंटरचं लायसन्स काढून आला. कोर्स केला. दोन वर्षं दर शनिवारी दोन तास ड्राइव्ह करून रेंजवर गेला आणि हजार यार्डांवरच्या लोखंडी प्लेटा वाजवत राहिला. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वाजायच्या. मग कोलोरॅडोत एल्कच्या मादीचं परमिट लागलं. एल्क म्हणजे आपल्या सांबराची थोरली वहिनी समजा, घोड्याएवढी. मारली तर मांस फुकट घालवायचं नाही, मी तुमच्या गॅरेजमध्ये फ्रीझर ठेवतो, असं त्याने मला आधीच बजावलं होतं.

"टेहळणीच्या वेगळ्या दुर्बिणीवर तुम्ही बसा, दादा," तो म्हणाला. "गोळी सुटली की रायफल उसळते, मला पुढचं दिसत नाही. कुठे लागली ते बघायला कुणीतरी लागतं. तुमच्या डोळ्यांवर माझा विश्वास आहे."

ऑक्टोबरचा तिसरा आठवडा. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. आम्ही एका घळीच्या अलीकडच्या काठावर पालथे पडलेलो, पलीकडच्या उतारावर सहा माद्या चरतायत. मध्ये खोल दरी. सकाळपासून थंडीने माझे गुडघे आखडले होते, बर्फाची भुरभुर चालू झाली होती. रायफलवरच्या दुर्बिणीने आकडा दिला, सातशे ऐंशी. यतीनने वारा पाहिला, श्वास सोडला.

तेवढ्या अंतराला गोळीला एक सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. लोखंडी प्लेट त्या सेकंदात जागची हलत नाही. बोट दाबलं गेलं आणि मादीने गवताच्या पुढच्या झुबक्यासाठी एक पाऊल टाकलं. एकच.

मी पाहिलं. तिची पाठ कमानीसारखी वर आली. पोट आत ओढलं गेलं. बाकीच्या पाच चढाने पळाल्या, ती एकटी, अगदी सावकाश, पाय आखडून खालच्या झाडीकडे चालत गेली. चौतीस वर्षं मी पोटं उघडलीत. ती चाल कसली ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. आतडं फाटलेलं जनावर लगेच मरत नाही. रात्र काढतं. कधी दुसरा दिवसही.

"लागली?" यतीनने विचारलं.

दरी उतरून पलीकडे चढायला दीड तास, परत दीड तास, आणि वर बर्फ. हे सगळं माझ्या गुडघ्यांनी माझ्या आधी मोजलं. खरं सांगायचं तर एवढंच होतं. त्याला वाईट वाटू नये वगैरे मी नंतर स्वतःला सांगत बसलो, पण ते सगळं नंतरचं.

"चुकली," मी म्हणालो. "वरून गेली."

"जाऊन बघू या तरी. रक्त आहे का..."

"अरे चुकली म्हणतो ना! सगळ्या उड्या मारत गेल्या वर. डॉक्टर मी आहे की तू?"

त्याने ऐकलं. मोठ्या मेहुण्याचा शब्द. फोन काढून त्याने ॲपमध्ये नोंद केली. तिथे दोनच पर्याय होते, लागली आणि चुकली. त्याने चुकलीवर बोट ठेवलं. साडेतीनला आम्ही गाडीत होतो आणि मी थर्मासमधला चहा पीत होतो. चांगला झाला होता चहा, तेही आठवतं.

यतीनचा पुढचा हिवाळा वाईट गेला. गणित चुकलं कसं? वरणगावच्या अप्पांच्या पोराची पहिलीच गोळी वरून गेली? दरीतला वारा मधोमध वेगळा वाहत असणार, असं त्याने ठरवलं आणि रात्रंदिवस त्याच्या मागे लागला. मालिनी फोनवर सांगायची, "नंदूदादा, जेवत नाही रे धड." मी म्हणायचो, "खाईल भूक लागली की." त्याने दऱ्यांमधल्या वाऱ्याचं नवं गणित बसवलं. कंपनी खूश. हजारचे बाराशे यार्ड झाले, जाहिरात निघाली. आणि दिलेल्या शब्दाचा प्रश्नच आला नाही, कारण जखमी कुणी झालंच नव्हतं. मी सांगितलं होतं ना.

पुढच्या दिवाळीला मी सनीव्हेलला गेलो. शनिवार होता, मालिनी थालीपिठं लावत होती. यतीन लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. कुणा गाइडने त्याला व्हिडिओ पाठवला होता. ॲप वापरून नऊशे यार्डांवरून घेतलेला शॉट. शिकाऱ्याने चुकली अशी नोंद केली होती, पण गाइडला शंका होती.

"दादा, तुम्ही डॉक्टर आहात म्हणून विचारतो," यतीन म्हणाला. "ही चाल कसली आहे हो?"

पडद्यावर एक मादी. पाठ वर, पोट आत. कळपाला सोडून एकटी खाली चाललेली.

माझ्या हातातला घास हातातच राहिला. खोटं बोलायची संधी परत आली होती आणि तोंडात शब्दही तयार होते. पण तो इतक्या भरवशाने माझ्याकडे बघत होता की मला माझीच शिसारी आली.

"पोटात लागली आहे," मी म्हणालो. "यतीन, आपलीही अशीच गेली होती."

त्याला कळायला वेळ लागला. तव्यावरचं थालीपीठ करपल्याचा वास आला तरी मालिनी हलली नाही.

"तुम्ही पाहिलं होतंत?"

"हो."

"तेव्हाच?"

"हो."

ओरडेल असं वाटलं होतं. मी असतो तर लॅपटॉप फेकून मारला असता. त्याने फक्त विचारलं, "सूर्यास्त किती वाजता होता त्या दिवशी?" आणि स्वतःच फोनवर पाहिलं. "सहा वीस. तीन तास होते आपल्याकडे, दादा." मग उठून गॅस बंद केला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मालिनी मला एवढंच म्हणाली, "वर्षभर तो वारा शोधत होता रे."

जूनमध्ये बर्फ वितळल्यावर तो एकटा तिथे गेला. मी येतो म्हणालो, नको म्हणाला. ॲपमध्ये ती जागा नोंदलेली होती. दरी उतरून पलीकडे जायला त्याला एक तास चाळीस मिनिटं लागली. दोन दिवस त्याने खालची झाडी पिंजून काढली. हाडं नाहीत, काही नाही. कोल्ह्यांनी, अस्वलांनी ठेवलं असेल कशाला. परतताना माझ्या घरी आला, हातपाय ओरबाडलेले. गॅरेजमधला रिकामा फ्रीझर गाडीत घालायला मदत मागितली.

कंपनीला त्याने सांगितलं, जनावरांसाठी चारशेच्या पुढचा आकडा बंद करा. ते हसले. दुसऱ्या सगळ्या कंपन्या बाराशे देतायत, आपण चारशे दिले तर घेणार कोण? रास्त होतं त्यांचं. शेवटी त्याला एवढंच करू दिलं, नोंदीच्या पानावर तिसरा पर्याय. जखमी, सापडलं नाही.

ऑगस्टमध्ये नवं ॲप निघायच्या आधी तो डेन्व्हरला आला. पहिली नोंद आपलीच व्हायला पाहिजे म्हणाला. जुनी नोंद उघडून फोन माझ्यापुढे धरला.

"तुम्ही पाहिलंत. तुम्ही भरा."

चुकली काढून मी तिसऱ्यावर खूण केली. खाली अंतर होतं, वेळ होती, आणि यतीनने एक नवी ओळ घातली होती, शोधायला किती वेळ उजेड होता. मी लिहिलं, "तीन तास."

शिकारीचा सीझन संपला. जानेवारीत यतीनने राजीनामा दिला, त्याच्या आदल्या दिवशी त्याने मला फोन केला. एरवी आता मी फोन केला की तो मालिनीच्या हातात देतो, माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नाही. दादाच म्हणतो, पण विचारत काही नाही.

"आकडे आले," तो म्हणाला. "पाचशे यार्डांच्या पुढचे. सहा हजार दोनशे शॉट. त्यातले चुकलेले अडीच हजार."

"आणि तिसरे?"

पाठीमागे मालिनीचा कुकर शिट्टी देत होता.

"एक," तो म्हणाला. "तुम्ही भरलेला."