पुठ्ठ्याखालची तांबू

माझी थोरली बहीण जुन्या चित्रांची किंमत ठरवून देते. गिऱ्हाईक समोर ताटकळत बसलेलं असतं आणि ही बया चित्र उलटं करून मागची धूळ बघत बसते. गल्ल्यावर मी. चहा देणं, गप्पा मारणं, समजूत घालणं, सगळं माझ्या गळ्यात. "अहो बसा, ती अशीच आहे," हे वाक्य मी झोपेतही म्हणत असेन. ताईनं एकदा सांगितलं की सांगितलं, मग समोरचा रडो की ओरडो. आमच्या सख्ख्या मामानं मोठ्या हौसेनं आणलेल्या चित्राला ती म्हणाली, "चौकटीचे पैसे येतील." मामा अजून आमच्याकडे पाणीसुद्धा पीत नाही.

त्या दिवशी तिघं आले. म्हातारे बाबा, त्यांचा मुलगा आणि सून. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा. चित्र सुनेच्या काखेत, जुन्या चादरीत गुंडाळलेलं. आमच्या दाराला पायऱ्या आहेत, त्याही उंच. सुनेनं सवयीनं हात पुढं केला. बाबांनी तो बघून न बघितल्यासारखं केलं आणि भिंत धरत धरत वर आले.

काय झालं ते मुलानं सांगितलं, तेही खाली मान घालून. चित्र त्याच्या आईनं काढलेलं. आई आता नाही. चित्रात त्यांची गाय, तांबू, जिच्या दुधावर याचं शिक्षण झालं. ऑपरेशननंतर बाबा घरी आले, पट्टी सुटली, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, ही माझी तांबू नव्हे. बाबा दवाखान्यात होते, मुलगा त्यांच्या उशाशी, घरात सून एकटी. तिनं खरं चित्र विकून तिथं नक्कल टांगली, असं बाबांचं म्हणणं.

"म्हणणं कसलं?" बाबा कडाडले. "ऑपरेशनला निघालो त्या सकाळी बघितली होती. तांबडी होती! आणि ही बघा, धुवून वाळत घातल्यासारखी."

सुनेनं चादरीची गाठ सोडून चित्र ताईपुढं ठेवलं. बाबांचे डोळे अधू झाल्यापासून हीच त्यांना हाताला धरून न्हाणीघरापर्यंत नेत होती, हे मुलानं मला चहा घेताना हळूच सांगितलं.

"मग हे घरी बोलायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं का?" माझ्या जिभेला हाड नाही.

ताईनं चित्र उलटं केलं. मागचे खिळे बघितले. "हे कित्येक वर्षांत कुणी हलवलेले नाहीत."

"नक्कल करणारे असतात हो हुशार," बाबा म्हणाले.

ताईनं वाद घातला नाही. खिळे काढले, काच उचलली. चित्राभोवती पांढऱ्या पुठ्ठ्याची रुंद पट्टी होती, तीही अलगद सोडवली. आणि मी "अगं बाई!" म्हणून उठूनच उभी राहिले. पट्टीखाली गाईची शेपटी आणि मागच्या पायाची कड झाकली गेली होती. तेवढीच तांबडी होती, ताज्या विटेसारखी. पुढची सगळी गाय फिकट.

"चष्मा काढा," ताई म्हणाली. बाबांनी काढला.

"जलरंग उन्हानं उडतो. पट्टीखाली ऊन पोचलं नाही, तिथं राहिला. चित्र तेच आहे."

"मग मला तांबडी कशी दिसत होती?"

"मोतीबिंदू पिकला की सगळंच पिवळट, तपकिरी दिसतं. रंग उडत गेला, तसा तुमचा डोळा भर घालत गेला. आता डोळा स्वच्छ झाला." मग तिनं विचारलं, "घरी चित्रासमोर खिडकी आहे का?"

बाबा त्या शेपटीवरून बोट फिरवत होते. ताई एरवी कुणाला चित्राला हात लावू देत नाही. त्यांना तिनं अडवलं नाही.

"आहे," ते म्हणाले. "मीच टांगलं तिथं. याच्या आईला अंथरुणातून उठता येत नव्हतं. पडल्या पडल्या उजेडात नीट दिसावं म्हणून." मग त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मलाही भरून आलं, उगाच कशाला लपवू.

"म्हणजे आता किंमत..." मुलानं तोंड उघडलं. मी असे डोळे वटारले की वाक्य तिथंच राहिलं.

"बाजारात काही नाही," ताई म्हणाली. ती इथंच थांबते, नेहमी. त्या दिवशी थांबली नाही. "बाबा, चित्र कुणी बदललं नाही, हे मी तुम्हाला सांगितलं. यांना तुम्ही सांगायचंय." आणि तिनं सुनेकडे बोट केलं.

बाबा वळले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सुनेनं वाट बघितली, चांगली बघितली. मग चित्र पुन्हा चादरीत बांधलं आणि दाराकडे चालू लागली. तिला काय म्हणायचं होतं ते तिच्या पाठीवरून कळत होतं, आणि तिचं काही चुकत नव्हतं.

ती एक पायरी उतरली. बाबा उंबऱ्यात थबकले. भिंत हाताशीच होती, ती त्यांनी धरली नाही.

"पोरी," ते म्हणाले, "हात धरू का तुझा?"

देऊ नकोस, असं माझ्या ओठांवर आलं होतं. दे गं, असंही आलं होतं. जन्मात पहिल्यांदा मी गप्प बसले.

तिनं चित्र नवऱ्याच्या हातात दिलं. "धरा हे. आणि उन्हात नेऊ नका." मग मागं वळून न बघता हात तेवढा मागं केला. बाबांनी तो दोन्ही हातांनी धरला.