नागसेनची टेस्टिंग

दौंडच्या रेल्वे कॉलनीत म्हाळू गँगमनचा नागसेन म्हटलं की लोक म्हणत, "त्यो व्हय? वायरीवाला." आयटीआय झाल्यावर त्यानं आधी टेलिफोनच्या तारा ओढल्या, मग कंपन्यांमध्ये नेटवर्कचे डबे बसवू लागला. बोलणं कमी, काम नेटकं. केबल काढण्याआधी तिला चिकटपट्टी लावून नंबर टाकायचा आणि ऑफिसभर फिरून सांगायचा, "फोन बंद राहतील बरं का." या सवयीचा त्याला थोडा गर्वही होता. असतो एकेकाला.

दोन हजार पाच सालची गोष्ट. आई आक्काबाई दौंडच्या दवाखान्यात होती. कुरकुंभच्या केमिकल कारखान्यात जुना राउटर बदलायचा होता आणि कारखान्याचे सगळे फोन त्यातूनच जात होते. नागसेन घुटमळला, तर आईच म्हणाली, "जा रं, म्या कुठं पळून चाललेय?" त्यानं बहिणीला, राजश्रीला, कारखान्याचा नंबर दिला. "मोबाइल गेटवर बंद करून ठिवावा लागतो. कमीजास्त झालं तर ह्याच्यावर कर. जीपनं लगेच येतो."

सकाळी त्यानं नेहमीसारखं सगळ्या टेबलांवर जाऊन सांगितलं, फोन बंद राहतील. साहेबांना सांगितलं, स्टोअरला सांगितलं. मग सगळ्या केबल काढल्या.

नवा राउटर काही ऐकेना. सेटिंग भरायची निळी केबल, कन्सोलची, लॅपटॉपला जोडली, तर काळ्या पडद्यावर नुसती वेडीवाकडी अक्षरं. लॅपटॉपवर त्या केबलचा स्पीड चुकीचा लावला होता, एवढंच. पण ते ध्यानात यायला दुपार झाली. स्पीड बदलल्यावर अक्षरं सुधारली. त्यानं सेटिंग भरली, केबल नंबराप्रमाणे परत लावल्या. हिरवे दिवे लागले.

लगेच साहेबांच्या टेबलावरचा फोन वाजला. साहेब खुशीत म्हणाले, "घ्या, तुम्हीच घ्या. टेस्टिंग होऊन जाईल."

"दादा?" राजश्री होती. "सकाळपास्नं लावतेय. लागतच नव्हता रं. आई गेली. लई येळ दाराकडं बघत व्हती, नाग्या आला का इचारत व्हती."

साऱ्या ऑफिसला सांगून झालं होतं. बहिणीला तेवढं सांगायचं राहिलं होतं. हे त्याला कळलं, अगदी नीट कळलं. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. आत काही हललंच नाही. एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती. पलीकडं राजश्री हुंदके देत होती. तो रिसीव्हर कानाला लावून उभा राहिला.

साहेबांनी हातानं खूण केली, काय, ठीक आहे ना?

"व्हय साहेब," नागसेन म्हणाला, "आवाज अगदी स्वच्छ येतोय."