मालक तिथंच बसले होते

आज सकाळी एक विद्यार्थिनी प्रबंधाचा आराखडा घेऊन आली. झेरॉक्सच्या दुकानातून थेट आणलेले, अजून कोमट असलेले कागद, आणि त्यांना तो किंचित करपट वास. कागद टेबलावर ठेवत तिने विचारलं, "मॅडम, याच्यात फ्रेमवर्क कोणतं टाकू?" टाकू! भाजीत मसाला टाकावा तसं. अजून एकाही माणसाशी ती बोललेली नव्हती, आणि त्या माणसांचं बोलणं कोणत्या साच्यात बसवायचं हे मात्र तिला आजच हवं होतं. मी चिडले. ती निघून गेल्यावर तो वास खोलीत रेंगाळला, आणि कळलं की ही चीड तिच्यावरची नव्हेच. ती फार जुनी आहे आणि तिच्यातला मोठा वाटा माझ्या स्वतःवरचा आहे.

चिखलीत शिकवता शिकवता मी पीएच.डी. करत होते तेव्हाची ही गोष्ट. विषय होता, भाजीपाला पिकवणाऱ्या घरांत शेतीचे निर्णय बाई घेते का. संशोधन गुणात्मक. म्हणजे आकडे मोजायचे नाहीत; माणसांशी निवांत बोलायचं, ऐकायचं आणि त्या ऐकण्यातून अर्थ उमलेल याची वाट पाहायची. सांगताना किती सुंदर वाटतं! प्रत्यक्षात मी एसटीचे धक्के खात मार्गदर्शकांकडे जायचे आणि ते माझी टिपणं न उघडताच विचारायचे, "सैद्धांतिक चौकट कुठे आहे?" एका भेटीत त्यांना सत्तेचा सिद्धांत हवा असे, पुढच्या भेटीत श्रमविभागणीचा, मग पुन्हा सत्तेचाच. दरवेळी मी घरी येऊन तीच जिवंत माणसं उचलून नव्या चौकटीत कोंबायचे. कुणाचा हात बाहेर राही, कुणाची मान.

त्या माणसांत मोताळ्याकडच्या एका खेड्यातली एक मावशी होती. पन्नाशीची, शिडशिडीत. अंगणात बसून ती मेथीच्या जुड्या बांधायची आणि हात न थांबवता बोलायची. पहिल्याच मुलाखतीत मी पुस्तकी मराठीत विचारलं, "शेतात काय लावायचं, हे घरात कोण ठरवतं?" ती म्हणाली, "मालकच ठरवते." मी प्रश्न फिरवून पुन्हा विचारला. "सांगतलं ना, मालकच." मी लिहिलं, निर्णयाधिकाराचा संपूर्ण अभाव. मार्गदर्शक पहिल्यांदाच खूश झाले. त्या एका वाक्यावर माझं अख्खं प्रकरण उभं राहिलं.

आमच्या पद्धतीत एक चांगली रीत आहे. लिहिलेलं ज्याचं त्याला वाचून दाखवायचं. मी ती निव्वळ उरकायची म्हणून गेले. मावशी त्या दिवशी शेतात एकटी वांगी तोडत होती. बांधावर बसून मी वाचू लागले आणि तिचे हात थांबले.

"हे कोन बाई व्हय?" तिने विचारलं.

"तुम्हीच की, मावशी."

"मी? काय व माय, त्या दिवशी मालक तिथंच खाटेवर बसेल व्हते. त्याइच्या समोर सांगू का तुले, का ठरोनारी मीच आहो म्हनून?"

मग तिने सगळं सांगितलं. कपाशी काढून तिथे भाजीपाला लावायचा, हे तिच्या मनात कसं आलं. दोन हंगाम ती रोज जेवताना विषय कसा काढायची आणि अर्धवट सोडून द्यायची. आणि एके दिवशी मालकांनीच ते स्वतःला सुचल्यासारखं कसं जाहीर केलं. "त्याइले आजबी वाटते का त्याइचंच डोकं व्हय ते. वाटू दे. पन तू हे लिहू नको. मालक वाचतीन त घरात बोलनं बंद होईन."

परतीच्या वाटेवर मी माझी वही उघडली. मुलाखतीचं ठिकाण: घर. बस, एवढंच. खाटेवरचा तो माणूस मला दिसला होता, त्याने मला पाणीही विचारलं होतं, आणि माझ्या नोंदीत तो नव्हताच. इतके सिद्धांत घोकले. समोर कोण बसलंय हे लिहायला विसरले.

मार्गदर्शकांना सांगितलं तर ते म्हणाले, "एका बाईसाठी चौकट मोडू नका. तिला वगळा." त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर आवाज चढवला. प्रकरण काढून टाकलं. सगळ्या बायकांना पुन्हा भेटले, यावेळी शेतात, बाजारात, पुरुष आसपास नसताना. दीड वर्ष वाढलं. बहुतेकींनी आपापल्या परीने तसंच काहीसं सांगितलं आणि ते लिहायची मुभाही दिली. मावशीला मात्र मी वगळलं. मार्गदर्शकांना हवं होतं म्हणून नव्हे, तिने मागितलं म्हणून. पदवी मिळाली. प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात गेला. तो कुणी उघडला असेल असं वाटत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मावशीचे मालक गेले. मी भेटायला गेले. तेव्हा ती म्हणाली, "आता लिही व माय, तुले लिहाचं ते. आता काही वाटून घेनारं कोनी नाही."

ती हे आनंदाने म्हणाली नव्हती. ज्याच्यापासून जपायचं तोच उरला नाही की गुपिताचं ओझं हलकं होत नाही, त्याचा अर्थच सरतो, हे मी तिच्या तोंडाकडे पाहताना शिकले. संशोधनाला सादर करण्याची तारीख असते. माणसं खरं सांगतात ते त्यांच्या वेळेने, आणि तोवर बहुतेकदा आपली वही मिटलेली असते.